पोटावरच्या पांढऱ्या रेघा आणि फिके वण नेमके कशामुळे येतात?

कोथरूडच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या पोटावर बाळंतपणापासून, म्हणजे गेली 11 वर्षे, पांढऱ्या रेघा आहेत. त्यांच्या 16 वर्षांच्या भाच्याच्या कमरेवर अलीकडे आडव्या, तांबूस-जांभळट रेघा उमटल्या असून, पोहण्याच्या तलावावर मित्रांनी ‘घरी पट्ट्याने मारतात का रे?’ असे विचारल्यापासून त्याने पोहायला जाणेच सोडले आहे. सासूबाईंच्या मते गरोदरपणात खाजवल्यामुळे ताईंच्या पोटावर रेघा आल्या, शेजारच्या काकूंच्या मते मुलाला कॅल्शियम कमी पडत आहे, आणि खुद्द ताईंना धास्ती आहे ती ही कोडाची सुरुवात तर नसेल ना, याची. शिवाय त्यांच्या पोटरीवर स्कूटरच्या सायलेन्सरचा चटका बसल्याचा एक पांढरा वण आहे. तो का भरून येत नाही, असेही त्यांनी शेवटी विचारले आहे.

वर्णनावरून यातले काहीही कोड वाटत नाही, हे आधी सांगून टाकते. कोडाच्या डागावर बोट फिरवले तर त्वचा आजूबाजूसारखीच गुळगुळीत आणि सपाट लागते, फक्त रंग गेलेला असतो आणि तो खडूसारखा पांढराशुभ्र असतो. ताईंच्या आणि भाच्याच्या रेघा या त्वचा ताणल्यामुळे पडणाऱ्या ताणाच्या रेघा (स्ट्रेच मार्क्स) आहेत; अशा रेघेवर बोट फिरवले तर ते किंचित खाली उतरते, आणि त्वचा दोन बोटांत हलकेच दाबली तर रेघेवर बारीक चुण्या पडतात. हा फरक घरी, खिडकीजवळच्या उजेडात, कोणालाही पाहता येतो.

आता कारण. आपल्या त्वचेच्या वरच्या पातळ थराखाली डर्मिस नावाचा जाड थर असतो आणि त्वचेची सगळी ताकद व लवचीकपणा त्या थरातल्या कोलॅजन आणि इलास्टिनच्या तंतूंत असतो. पोलक्याचे कापड वरून शाबूत राहावे आणि आतले अस्तर मात्र उसवावे, तसे या रेघांत होते. वरचा थर फाटत नाही, त्यामुळे रक्त येत नाही, खपली धरत नाही. आतले तंतू मात्र तुटतात, आणि ते जुळताना पूर्वीसारखे चहूबाजूंनी गुंफले न जाता त्वचेच्या पृष्ठभागाला समांतर, पातळ थरांत बसतात. म्हणजे ही रेघ हा आतून झालेल्या जखमेचा वणच असतो, आणि म्हणूनच वणाचे सगळे नियम तिला लागू पडतात. सुरुवातीला तिथे सूज आणि रुंदावलेल्या रक्तवाहिन्या असतात, त्यामुळे रेघ लाल किंवा जांभळट दिसते. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या काळात रक्तवाहिन्या आटतात, वरचा थर पातळ होतो, रंग देणाऱ्या पेशींचे काम मंदावते आणि रेघ पांढरी पडते. सावळ्या त्वचेवर लाल रंग नीट दिसत नाही, म्हणून अनेक जणी सांगतात की रेघा ‘एकदम पांढऱ्याच आल्या’. त्या तशा येत नाहीत. त्यांचा पहिला टप्पा आपल्या रंगात लपून गेलेला असतो.

नुसत्या ताणाने रेघा येतात, हे मात्र अर्धेच उत्तर आहे. एकाच घरातल्या दोन जावांपैकी एकीला जुळी होऊनही पोटावर रेघ नाही आणि दुसरीला सव्वादोन किलोच्या बाळाच्या वेळी बेंबीखाली जाळे पडले, असे मी अनेकदा पाहिले आहे. तंतू किती ताण सोसतील हे आधी ठरते ते आईवडिलांकडून आलेल्या घडणीवर. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात या रेघांचा संबंध इलास्टिन बनवणाऱ्या जनुकाजवळच्या फरकांशी आढळला होता. आणि दुसरे म्हणजे, त्या वेळी शरीरात कोणती संप्रेरके वाढलेली आहेत, यावर. कॉर्टिसोल वाढले की डर्मिसमधल्या तंतू विणणाऱ्या पेशी आळसावतात. गरोदरपणात आणि वयात येताना शरीरात संप्रेरकांची मोठी उलथापालथ होते आणि त्याच काळात त्वचाही झपाट्याने ताणली जाते. त्यामुळे बहुतेकांच्या रेघा याच दोन वयांत येतात. आधीच कमकुवत झालेल्या अस्तरावर ताण आला की ते उसवते, असे समजावे.

गरोदरपणातल्या रेघा साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून दिसू लागतात. वय कमी असेल, आईला किंवा बहिणीला रेघा असतील, आधीच वजन जास्त असेल, त्या नऊ महिन्यांत ते फार वाढले असेल किंवा बाळ मोठे असेल, तर शक्यता वाढते. विशीच्या आतल्या पहिलटकरणीला पस्तिशीतल्या पहिलटकरणीपेक्षा जास्त रेघा येतात, याचे अनेकांना नवल वाटते. तरुण त्वचा अधिक लवचीक असेल असा आपला समज असतो, पण कोवळे तंतू या ताणाला लवकर तुटतात असे दिसते.

सासूबाईंचे निरीक्षण बरोबर आहे, कार्यकारणभाव मात्र उलटा आहे. त्वचा ताणली जात असताना खाज सुटते आणि त्याच जागी पुढे रेघ दिसते. खाजवल्याने रेघ येत नाही. नखांऐवजी कंगव्याने खाजवा, अशी जी पद्धत सांगतात तिने ओरखडे टळतील, रेघा टळणार नाहीत. याच्याशी लागून एक गोष्ट सांगायला हवी. शेवटच्या तीन महिन्यांत, बहुधा पहिल्या खेपेला, या रेघांवरच लाल, खाजरे पुरळ उठते आणि बेंबीभोवतीची जागा तेवढी मोकळी राहते. हे त्रासदायक असले तरी बाळाला अपाय करत नाही आणि प्रसूतीनंतर जाते. पण पुरळ नसताना तळहात आणि तळपायांना, विशेषतः रात्री, खाज सुटत असेल, तर तो यकृताशी निगडित प्रश्न असू शकतो आणि ते प्रसूतितज्ज्ञांना त्याच दिवशी सांगावे.

भाच्याचे वय आणि जागा पाहता त्याचे कारण त्याची वाढलेली उंची हेच असावे. वयात येताना मुलांचा पाठीचा कणा थोड्या महिन्यांत बराच लांबतो आणि कमरेवरची त्वचा वरखाली ताणली जाते. रेघ ताणाच्या दिशेला काटकोनात पडते, म्हणून ती आडवी असते. मुलींत त्याच वयात मांड्या, नितंब आणि स्तनांवर रेघा येतात. उंच, सडपातळ मुलांच्या पाठीवरच्या या आडव्या रेघा माराच्या वळांसारख्या दिसतात आणि त्यावरून घरच्यांवर संशय घेतला गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यातही आहेत. मार बसल्याचा वळ काही दिवसांत रंग बदलत पुसला जातो, या रेघा महिनोन्महिने तशाच राहतात. मुलाला हे एकदा नीट समजावून सांगा, आणि शक्य असेल तर त्याच्या मित्रांसमोर सांगा. कॅल्शियमचा यात काहीही संबंध नाही. लहान मुलांच्या गालांवरचे फिके, किंचित खरखरीत डागही असेच कॅल्शियमच्या किंवा जंतांच्या नावावर खपवले जातात. ते बहुधा कोरड्या त्वचेचे असतात आणि साध्या मॉइश्चरायझरने हळूहळू जातात.

व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांना खांदा आणि काख जिथे जुळतात तिथे रेघा येतात. चार महिन्यांत दंड फुगवायचे ठरवले की स्नायू वाढतात, त्वचा मागे राहते. त्या जोडीला कोणी ‘ताकदीची’ इंजेक्शने घेत असेल तर त्वचेचे नुकसान ही त्यातली सर्वांत लहान काळजी ठरते.

ज्या कारणावर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, ते ताईंनी विचारलेलेच नाही, आणि सहसा कोणीच विचारत नाही. ते कारण म्हणजे औषधांच्या दुकानातून, डॉक्टरांना न दाखवता आणलेली मलमाची ट्यूब. पेठांमधल्या खोल्यांत चार-चार जण मिळून राहणारी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले पावसाळ्यात अर्धवट वाळलेले कपडे आणि घट्ट जीन्स घालून दिवसभर अभ्यासिकेत बसतात, टॉवेल एकमेकांचे वापरतात, आणि जांघेत गजकर्ण होते. लाजेमुळे डॉक्टरकडे न जाता दुकानदाराला हळूच सांगितले जाते. तो जी ट्यूब देतो तिच्यात बुरशीनाशक असते, प्रतिजैविक असते आणि एक तीव्र स्टेरॉइडही, म्हणजे कॉर्टिसोलसारखेच काम करणारे औषधही असते. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ट्यूब ‘लागू पडली’ असे वाटते. बुरशी मात्र दबा धरून पसरत राहते. लावणे थांबवले की खाज दुप्पट, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. असे काही महिने गेले की एके दिवशी तो मुलगा माझ्यासमोर बसतो, आणि गजकर्णापेक्षा मला जास्त वाईट वाटते ते त्याच्या मांडीच्या सांध्यात पडलेल्या बोटभर रुंद, जांभळ्या, खोल रेघांचे. गजकर्ण मी बरे करू शकते. त्या रेघा जन्मभर राहतात.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. त्वचेवर लावण्याची स्टेरॉइडे 1952 पासून वापरात आली, ती सौम्य हायड्रोकॉर्टिसोनच्या रूपात. नंतर आलेले क्लोबेटासॉल त्याच्या शेकडो पटींनी तीव्र आहे. शिवाय शरीराची सगळी त्वचा औषध सारखेच शोषत नाही. हातावर जेवढे शोषले जाते त्याच्या सुमारे 13 पट जबड्याच्या कडेला आणि तब्बल 42 पट वृषणाच्या त्वचेतून शोषले जाते, हे 1960 च्या दशकातच मोजले गेले आहे. जांघ, काख आणि स्तनांखालची घडी इथे त्वचेवर त्वचा झाकलेली असते, म्हणजे मलम लावून वर पट्टी बांधल्यासारखेच होते. स्टेरॉइडने तंतू विणणाऱ्या पेशी थंडावतात, त्वचा पातळ होते, आणि मग उठता-बसता पडणारा साधा ताणही तिला पेलत नाही. केंद्र सरकारने 2018 साली अशी अनेक मलमे शेड्यूल ‘एच’मध्ये आणली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. नियम आहे; पण रुग्णांच्या पिशवीतून निघणाऱ्या ट्यूबा पाहता तो किती पाळला जातो याबद्दल माझे मत फारसे चांगले नाही.

ट्यूबवरचे बारीक अक्षरातले नाव वाचायची सवय लावा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसले तर ते स्टेरॉइड आहे, मग वरचे नाव काहीही असो. चेहरा उजळवण्यासाठी मैत्रिणीने सुचवलेल्या क्रीममध्येही हेच निघते. याचा अर्थ स्टेरॉइड वाईट असा नाही. इसब किंवा सोरायसिससाठी योग्य तीव्रतेचे, योग्य जागी, मोजके दिवस वापरले तर ते उत्तम औषध आहे आणि मी ते रोज लिहून देते. बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढे मलम दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते, हे मापही मी सोबत सांगते. दमा, संधिवात किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी कोणी स्टेरॉइडच्या गोळ्या घेत असेल आणि रेघा आल्या असतील, तर हे वाचून त्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. अचानक बंद केल्याने जिवावर बेतू शकते.

क्वचित शरीर स्वतःच जास्त कॉर्टिसोल तयार करते. त्याला कुशिंगचा आजार म्हणतात. एक सेंटिमीटरपेक्षा रुंद, गडद जांभळ्या रेघा, गोल झालेला चेहरा, बारीक राहिलेले हातपाय आणि सुटलेले पोट, जराशा धक्क्याने पडणारे काळे-निळे डाग, जिना चढताना मांड्यांत जाणवणारा अशक्तपणा, वाढलेला रक्तदाब किंवा साखर, असे एकत्र दिसले की मी त्वचेचे औषध न देता आधी संप्रेरकांच्या तपासण्या करायला पाठवते. तसेच, एखादा मुलगा घरातल्या सगळ्यांपेक्षा फारच उंच, हाताची बोटे कोळ्यासारखी लांब, दृष्टी अधू, आणि रेघा खांद्यासारख्या अनपेक्षित जागी असतील, तर मार्फानच्या आजाराची शंका घेऊन हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी लागते, कारण तिथे जो तंतू दुबळा असतो तोच हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या भिंतीतही असतो. ताईंच्या भाच्यात वर्णनावरून यातले काही दिसत नाही, पण त्याची उंची आणि बोटे मी पाहीनच.

आता पोटरीवरच्या वणाकडे येते. दुचाकींच्या या शहरात सायलेन्सरचा लंबगोल चटका नसलेली पोटरी शोधावी लागेल. वरवर भाजले तर रंग परत येतो, कारण रंग देणाऱ्या पेशींचा राखीव साठा केसांच्या मुळांशी असतो आणि तिथून त्या वर सरकून जागा भरून काढतात. चटका खोल गेला आणि केसांची मुळेच जळाली तर भरणी करायला कोणी उरत नाही. तिथे पांढरा, गुळगुळीत, केस नसलेला वण राहतो. आपल्या वणावर केस आहेत का, ते भिंगाने पाहा. असतील तर अजून आशा आहे, नसतील तर 11 काय आणि 20 वर्षे काय, तो तसाच राहील. कुकरच्या वाफेचे आणि फोडणीच्या तेलाचे वणही याच नियमाने वागतात. भाजल्याबरोबर नळाच्या वाहत्या, साध्या पाण्याखाली 20 मिनिटे जागा धरली तर जखम खोल जाणे बऱ्याच अंशी टळते. टूथपेस्ट, हळद आणि बर्फ यांनी ती बिघडते. वणाच्या त्वचेला मूळ त्वचेच्या फार तर 80 टक्के ताकद येते, म्हणून सांध्यावरचे वण पुढे पुढे रुंदावत जातात.

फिक्या डागांची आणखी काही कारणे रोजच्या वापरातच असतात. रोज त्याच जागी लावलेल्या टिकलीच्या गोंदातले एक रसायन रंगपेशींना मारते आणि कपाळावर टिकलीएवढाच पांढरा ठिपका उरतो. परकराची बारीक नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी करकचून बांधल्याने कमरेवर काळपट-पांढरट पट्टा आणि कधी कधी न भरणारी चीर पडते. क्वचित अशा जुन्या जखमेत कर्करोगही झाल्याचे भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवले आहे, म्हणून मी बायकांना नाडीऐवजी रुंद पट्टी लावायला सांगते. कोपराच्या किंवा मनगटाच्या दुखण्यासाठी, अथवा वाढलेल्या वणात, स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यावर तिथे खळगा पडून फिका पट्टा उमटतो. तो बहुतेकदा काही महिन्यांत, कधी वर्षभरात, बराच भरून येतो. पाठीवर आणि मानेवर घामाच्या दिवसांत येणारे फिके, भुरभुरीत ठिपके म्हणजे शिबं. ते बुरशीचे असतात आणि वण नव्हेत. मात्र फिक्या डागावर कापसाचा बोळा फिरवून स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच करून घ्यावी. त्याचे औषध सरकारी दवाखान्यांत मोफत मिळते आणि वेळेत घेतले तर रोग पूर्ण बरा होतो; त्यात लपवण्यासारखे काही नाही.

उपचारांबद्दल थोडेच लिहिते, कारण प्रश्न कारणांचा आहे. रेघा लाल-जांभळ्या असताना ट्रेटिनॉइनचे मलम किंवा रक्तवाहिन्यांवर काम करणारा लेसर यांचा काही उपयोग होतो. गरोदरपणात ट्रेटिनॉइन लावायचे नसते. पांढऱ्या झालेल्या रेघांसाठी फ्रॅक्शनल लेसर आणि सूक्ष्म सुयांचे उपचार आहेत, त्यांनी रेघा बारीक आणि कमी खोल दिसतात, पण पुसल्या जात नाहीत, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर त्यामागून काळे डाग पडण्याचा धोका असतो. ‘सहा सिटिंगमध्ये रेघा गायब’ असे जिथे लिहिलेले असेल तिथे पैसे भरू नका. खोबरेल तेल, ऑलिव्हचे तेल, कोकोआ बटर यांनी रेघा टळतात असे काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांत दिसलेले नाही. बाळंतिणीच्या मालिशीला माझा विरोध नाही, अंग हलके होते आणि चार दिवस कोणी तरी तिच्याकडे लक्ष देते. फक्त त्याचे श्रेय किंवा दोष रेघांना चिकटवू नये. ताईंच्या 11 वर्षांपूर्वीच्या रेघांवर, त्या स्वतः त्यांच्यामुळे अस्वस्थ नसतील, तर मी काहीही करणार नाही.

भाच्याच्या रेघा दोन-तीन वर्षांत फिक्या होत जातील आणि विशीनंतर त्या शोधाव्या लागतील. तरीही त्याला एकदा दाखवायला आणा, आणि येताना घरात असतील तेवढ्या मलमाच्या ट्यूबा एका पिशवीत घालून आणा, संपलेल्या आणि दाबून चपट्या झालेल्यासुद्धा.